भूक एक नसते: प्राणी पोषणाचा तोल कसा सांभाळतात

पोट भरले पण मन भरले नाही, असे आपण सहज म्हणून जातो आणि त्यात जिभेच्या हावेपलीकडे काही असेल असे आपल्या मनातही येत नाही. गेल्या तीन-चार दशकांत प्राण्यांच्या आहारावर झालेल्या संशोधनाने मात्र या साध्या अनुभवाला मोजमापाचा आधार दिला आहे. प्रथिनांची भूक वेगळी असते, कर्बोदकांची वेगळी, मिठाची वेगळी, आणि यांपैकी एक शमली तरी दुसरी जागीच राहू शकते. एखादा प्राणी किती खातो, काय टाकून देतो, कोणत्या दिशेने चालू लागतो, आजारातून उठतो की नाही आणि किती जगतो, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा या निरनिराळ्या भुकांच्या आपसातल्या ओढाताणीत सापडतात.

आहाराकडे पाहण्याची जुनी रीत सोपी होती. अन्न म्हणजे ऊर्जा, ऊर्जा म्हणजे कॅलरी, आणि कमी श्रमात जास्तीत जास्त कॅलरी मिळवणारा प्राणी हुशार, असे गृहीत धरले जाई. वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत कॅलरीच्या जागी नत्र, म्हणजे पर्यायाने प्रथिने, ठेवली जात. दोन्ही विचारांत एकच उणीव होती: एका वेळी एकाच घटकाचा हिशेब मांडला जाई. प्राण्याच्या पोटात मात्र घटक एकेकटे येत नाहीत. पानाचा प्रत्येक घास प्रथिने, साखर, तंतू, क्षार आणि कधी विषारी द्रव्येही एकत्र घेऊन येतो, आणि त्यांतले हवे तेवढेच उचलून बाकीचे परत करण्याची सोय निसर्गात क्वचितच असते.

ही उणीव भरून काढणारा प्रयोग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड विद्यापीठात झाला. स्टीफन सिम्प्सन आणि डेव्हिड राऊबेनहायमर या दोन संशोधकांनी टोळांसाठी कोरडे कृत्रिम अन्न तयार केले आणि त्यातील प्रथिने व कर्बोदके यांचे प्रमाण बदलत २५ प्रकारचे आहार बनवले. प्रत्येक टोळाच्या वाट्याला एकच प्रकार आला. तो हवा तेवढा खाण्याची मुभा त्याला होती. प्रत्येकाने रोज किती खाल्ले, तो किती वाढला, किती दिवसांत मोठा झाला आणि जगला की मेला, याची नोंद ठेवली गेली. हाती आलेले आकडे त्यांनी आलेखावर मांडले, आणि त्या आलेखातूनच पुढे ‘पोषणाची भूमिती’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत विकसित झाली.

ही भूमिती समजायला साधा आलेखाचा कागद पुरतो. आडव्या अक्षावर प्रथिने मोजावीत आणि उभ्या अक्षावर कर्बोदके. समजा, एका काल्पनिक प्राण्याला दिवसाकाठी २० भाग प्रथिने आणि ४० भाग कर्बोदके लागतात. कागदावर तो एक बिंदू झाला, आणि तेच त्याचे लक्ष्य. आता त्याच्यासमोर एकच अन्न आहे आणि त्यात एका भाग प्रथिनामागे चार भाग कर्बोदके आहेत. असे अन्न खाताना तो शून्यापासून निघणाऱ्या एका सरळ रेषेवरूनच पुढे सरकू शकतो, आणि ती रेषा लक्ष्यबिंदूला स्पर्श न करता बाजूने निघून जाते. कर्बोदके ४० भरली तेव्हा थांबावे, तर प्रथिने जेमतेम १० मिळालेली असतात. प्रथिने २० होईपर्यंत खात राहावे, तर कर्बोदके ८० झालेली असतात, म्हणजे गरजेच्या दुप्पट. दोन्हींचे समाधान करणारा थांबा त्या रेषेवर नाहीच. मग प्राणी नेमका कुठे थांबतो, कशाचा तुटवडा पत्करतो आणि कशाचा अतिरेक, हा खरा प्रश्न उरतो. समोर दोन अन्ने असतील आणि त्यांच्या रेषा लक्ष्याच्या दोन बाजूंनी जात असतील, तर थोडे हे, थोडे ते, असे नागमोडी खात त्याला नेमके लक्ष्यावर पोहोचता येते. विविधतेची ओढ का असते, याचे याहून सोपे स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही.

टोळांनी काय केले? प्रथिने कमी आणि कर्बोदके भरपूर असलेल्या आहारावरील टोळ प्रथिनांच्या शोधात खात राहिले. गरजेपेक्षा कितीतरी जास्त कर्बोदके त्यांच्या शरीरात गेली, अंगात चरबी साठली आणि पूर्ण वाढ होण्यास जास्त दिवस लागले. उलट, प्रथिने भरपूर आणि कर्बोदके अल्प असलेल्या आहारावरील टोळ कृश राहिले. प्रथिनांचा अतिरेक करून कर्बोदकांची तूट पूर्णपणे भरून काढण्याची त्यांची तयारी नव्हती. दोन परस्परपूरक अन्ने एकत्र मिळालेले टोळ मात्र त्यांचे मिश्रण करून ठरावीक लक्ष्यापाशी पोहोचले. एका कीटकाचे वजन, त्याच्या अंगातली चरबी आणि वाढीचा वेग हे सारे दोन भुकांमधल्या तडजोडीतून ठरत होते, आणि ती तडजोड आलेखावर स्पष्ट दिसत होती.

टोळाला हे कळते तरी कसे? त्याच्याकडे आहारशास्त्राचे ज्ञान नाही, पण त्याच्या तोंडाभोवती चव ओळखणारे बारीक केस आहेत. टोळाच्या रक्तद्रवातील अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांचे, प्रमाण खाली गेले की हे केस अमिनो आम्लांच्या चवीला अधिक तीव्र प्रतिसाद देऊ लागतात. साखर कमी पडली की साखरेच्या चवीला. म्हणजे शरीरात ज्याची उणीव आहे तेच जिभेला अधिक रुचकर लागते. सस्तन प्राण्यांमध्ये ही यंत्रणा अधिक गुंतागुंतीची आहे. आहारातील प्रथिने कमी झाली की यकृत ‘एफजीएफ-२१’ नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात रक्तात सोडते, ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि प्रथिनांकडे ओढ निर्माण करते; हे संप्रेरक तयारच होत नाही अशा उंदरांमध्ये प्रथिनांच्या तुटवड्याला मिळणारा हा प्रतिसाद दिसत नाही. मिठाच्या भुकेचा पुरावा त्याहून जुना आहे. १९३६ साली कर्ट रिश्टर या संशोधकांनी अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवर असणाऱ्या) काढून टाकलेल्या उंदरांवरचे निरीक्षण प्रसिद्ध केले. या ग्रंथी नसल्या की शरीरातील सोडियम लघवीवाटे निघून जाते आणि उंदीर काही दिवसांत मरतो. पण ज्या उंदरांना मिठाचे पाणी उपलब्ध होते ते आपणहून ते भरपूर पिऊ लागले आणि जगले.

शिकारी प्राण्यांबाबत बराच काळ असा समज होता की त्यांना तोल साधण्याची गरजच नसावी, कारण भक्ष्याचे शरीर त्यांच्या स्वतःच्या शरीरासारखेच घडलेले असते. अडचण फक्त ते मिळवण्याची. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा समज मोडला. त्यात तीन कीटकभक्षी जीव निवडले होते, आणि निवड फार विचारपूर्वक केलेली होती. हिंडून भक्ष्य शोधणारा भुंगेरा आधी ज्या घटकाचा तुटवडा भोगून आला होता, तो घटक असलेले अन्न निवडून खात होता. दबा धरून बसणाऱ्या कोळ्याला अशी निवड परवडत नाही, म्हणून हाती लागलेल्या भक्ष्यात हवा तो घटक असेल तर तो त्या भक्ष्याचा जास्त भाग खात होता. जाळे विणून एका जागी वाट पाहणाऱ्या कोळ्याला तर जे अडकेल तेच गोड मानावे लागते; तो भक्ष्याच्या शरीरात पाचक रस सोडून त्यातून हवे ते घटक अधिक प्रमाणात शोषून घेत होता. फिरण्याचे स्वातंत्र्य जितके कमी, तितका तोल साधण्याचा क्षण उशिरा येतो: एकाचा शोधताना, दुसऱ्याचा खाताना, तिसऱ्याचा पचवताना.

पाळीव मांजरांवरही असेच प्रयोग झाले आहेत. निरनिराळ्या प्रमाणांचे अन्न समोर ठेवून निवड त्यांच्यावर सोडली, तेव्हा प्रौढ मांजरांनी आपल्या ऊर्जेपैकी सुमारे ५२ टक्के भाग प्रथिनांतून, ३६ टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि केवळ १२ टक्के कर्बोदकांतून घेतला. कुत्र्यांचा कल वेगळा निघाला: सुमारे ३० टक्के प्रथिने, ६३ टक्के स्निग्ध पदार्थ आणि ७ टक्के कर्बोदके. मांजराला गोड चव कळतच नाही, कारण गोडव्याच्या ग्राहीसाठी लागणाऱ्या जनुकांपैकी एक त्याच्यात निकामी झालेले आहे. दोघेही मांसाहारी गणातलेच, तरी दोघांचे लक्ष्यबिंदू एकमेकांपासून बरेच दूर आहेत, आणि म्हणून कुत्र्याचे अन्न मांजराला कायम घालत राहणे हा निष्काळजीपणा ठरतो.

तोल साधायला मेंदू लागतोच असेही नाही. स्लाइम मोल्ड हा एकपेशीय, पिवळसर, पसरत जाणारा जीव आहे. त्याला ना मेंदू, ना मज्जासंस्था. तरीही वेगवेगळ्या प्रमाणांचे अन्न भोवती मांडले तेव्हा तो नेमक्या अशा तुकड्यांवर पसरला की त्याच्या आहारातील प्रथिने आणि कर्बोदके यांचे प्रमाण २:१ च्या आसपास राहावे. मुंग्यांमध्ये हीच कामगिरी संपूर्ण वसाहत मिळून करते. कामकरी मुंग्यांना स्वतःच्या हालचालींसाठी मुख्यतः कर्बोदके लागतात, तर वाढत्या अळ्यांना प्रथिने. अन्न गोळा करणाऱ्या मुंगीला म्हणून स्वतःपुरती भूक ओळखून चालत नाही. प्रथिनांचा अतिरेक असलेले अन्नच मिळत राहिले, तेव्हा मुंग्यांनी त्यातून कर्बोदके काढून घेऊन प्रथिनयुक्त चोथा वारुळाबाहेर टाकला. ज्या वसाहतींत अळ्या नव्हत्या, तिथे अशा आहारावर कामकरी मुंग्या अधिक संख्येने मेल्या. अळ्या, थोडक्यात, साऱ्या वसाहतीचे जठर होत्या.

आता या भुकांचे सर्वांत भीषण रूप पाहू. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात मॉर्मन क्रिकेट नावाचा एक कीटक आढळतो. नावात क्रिकेट असले तरी तो रातकिडा नव्हे. नाकतोड्याचा जवळचा आणि उडता न येणारा नातलग आहे. काही वर्षी त्याच्या लक्षावधींच्या झुंडी तयार होतात आणि एकाच दिशेने मैलोगणती चालत सुटतात. वाटेत हिरवळ असतानाही त्या थांबत नाहीत, हे कोडे होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिम्प्सन, ग्रेगरी स्वोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालत्या झुंडीसमोर वेगवेगळ्या अन्नाच्या ताटल्या ठेवल्या. कर्बोदकांच्या ताटलीकडे कीटकांनी फारसे लक्ष दिले नाही. प्रथिने आणि मीठ यांच्यावर मात्र ते तुटून पडले. वाटेवरच्या वनस्पतींतून या दोन गोष्टी त्यांना पुरेशा मिळत नव्हत्या. आणि प्रथिने व मीठ दोन्ही भरपूर असलेले, सहज हाती लागणारे दुसरे अन्न कोणते? पुढे चालणारा दुसरा मॉर्मन क्रिकेट. जो थांबतो किंवा मंदावतो त्याला मागचे खातात. झुंड पुढे सरकत राहते ती एका बाजूने प्रथिनांच्या शोधात आणि दुसऱ्या बाजूने मागच्याच्या भीतीने. प्रथिने पोटभर दिलेल्या कीटकांची चाल मंदावली, यावरून कारण अधिकच स्पष्ट झाले.

मग झुंड सोडून एकट्याने का जात नाही, असे कोणी विचारेल. स्वोर्ड आणि सहकाऱ्यांनी आधीच्याच एका प्रयोगात काही कीटकांच्या अंगावर सूक्ष्म रेडिओ प्रेषक बसवून त्यांना झुंडीपासून दूर सोडले होते. दोन दिवसांत त्यांतले निम्म्याहून अधिक पक्षी आणि इतर भक्षकांच्या तोंडी गेले, तर झुंडीत राहिलेल्यांपैकी एकही अशा प्रकारे मेला नाही. आत स्वजातीयांचा धोका, बाहेर परजातीयांचा, आणि दोन्हींच्या मध्ये प्रथिने व मीठ यांची न शमणारी भूक, अशा कोंडीत ही वाटचाल घडते. ज्याला आपण सामूहिक स्थलांतर म्हणतो, त्याच्या मुळाशी आहारातील एवढीशी तूट असू शकते, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो.

टोळधाडीचा आणखी एक धागा आपल्या समजुतीला उलटे वळण देतो. इनर मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातील एका टोळजातीचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जास्त नत्राचे, म्हणजे जास्त प्रथिनांचे, गवत टोळांना मानवत असेल अशी अपेक्षा सर्वसाधारणपणे होती. प्रत्यक्षात हे टोळ कमी नत्राच्या गवतावर अधिक चांगले वाढत होते. मेंढ्यांच्या अतिचराईने जमिनीचा कस जाऊन गवतातील नत्र कमी होते, आणि नेमक्या अशाच जमिनीवर टोळ फोफावतात. चराई कमी करणे हा टोळांच्या बंदोबस्ताचा भाग होऊ शकतो, ही सूचना त्यातून पुढे आली. कीटकनाशकांइतकेच गवताच्या पोषणमूल्यांकडेही लक्ष दिले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

आजारपणात लक्ष्यबिंदू सरकतो, हेही आता दिसून आले आहे. एका पतंगजातीच्या सुरवंटांना विषाणूचा संसर्ग करून निरनिराळे आहार दिले, तेव्हा जास्त प्रथिने मिळालेले सुरवंट अधिक संख्येने वाचले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निवडीची मुभा मिळाल्यावर संसर्ग झालेल्या सुरवंटांनी निरोगी सुरवंटांपेक्षा आपणहून प्रथिने जास्त खाल्ली. रोगाशी लढणाऱ्या पेशी आणि द्रव्ये प्रथिनांतूनच घडतात, त्यामुळे यात तर्कसंगती आहे.

आयुर्मानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि सहकाऱ्यांनी उपासमार न होऊ देता कॅलरी कमी दिलेले उंदीर जास्त जगतात असे दाखवले, आणि त्यानंतर कित्येक दशके कमी खाणे म्हणजे जास्त जगणे हे समीकरण रूढ झाले. २००८ साली फळमाश्यांवर केलेल्या प्रयोगात पोषणाच्या भूमितीची पद्धत वापरली गेली आणि चित्र बदलले. माश्यांचे आयुष्य कॅलरींच्या एकूण संख्येपेक्षा प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रमाणाशी अधिक बांधलेले दिसले. प्रथिने व कर्बोदके यांचे प्रमाण १:१६ असलेल्या आहारावर माश्या सर्वाधिक जगल्या. अंडी घालण्याचा वेग मात्र १:२ या प्रमाणावर सर्वाधिक होता, आणि आयुष्यभरात घातलेल्या एकूण अंड्यांची संख्या १:४ वर. स्वतः निवडण्याची संधी दिल्यावर माश्यांनी कोणते प्रमाण निवडले? १:४. सर्वांत दीर्घ आयुष्य देणारा आहार समोर असूनही त्यांनी सर्वाधिक संतती देणारा आहार घेतला, कारण नैसर्गिक निवड आयुष्याच्या लांबीपेक्षा संततीच्या संख्येवर चालते. भूक ज्याकडे नेते तेच आरोग्याला सर्वांत हितकर असते, हे विधान या एका निकालामुळे सरसकट खरे मानता येत नाही.

२०१४ साली सिडनी विद्यापीठातील गटाने ८५८ उंदरांवर २५ आहारांचा प्रयोग प्रसिद्ध केला. या उंदरांना हवे तेवढे खाण्याची मोकळीक होती. प्रथिने कमी आणि कर्बोदके जास्त असलेल्या आहारावरील उंदरांनी जास्त खाल्ले, त्यांच्या अंगात चरबीही जास्त होती, तरी ते सर्वाधिक जगले. प्रथिने जास्त आणि कर्बोदके कमी असलेल्या आहारावरील उंदीर सडपातळ असूनही लवकर मेले. हा निष्कर्ष माणसाच्या ताटात जसाच्या तसा आणून ठेवू नये. वाढत्या मुलांची, गर्भवतींची आणि वृद्धांची प्रथिनांची गरज निराळी असते, आणि उतारवयात प्रथिने कमी पडली तर स्नायू झिजण्याचा धोका खरा आहे.

माणसाचा विषय निघालाच आहे, तर आधी त्याच्या नातलगांकडे पाहू. बोलिव्हियाच्या जंगलातील स्पायडर माकडांच्या आहाराचा माग काढला तेव्हा असे दिसले की ऋतूनुसार फळे बदलली आणि एकूण ऊर्जा कमी-जास्त झाली, तरी प्रथिनांचे रोजचे प्रमाण जवळजवळ स्थिर राहिले. युगांडातील बविंडीच्या पर्वतीय गोरिलांची रीत वेगळी होती: फळे संपल्यावर ते पानांवर येतात, भरमसाठ प्रथिने पोटात जाऊ देतात, पण प्रथिनेतर ऊर्जेत फारसा फरक पडू देत नाहीत. माणसाची जातकुळी यांपैकी कोणाची?

२००५ साली सिम्प्सन आणि राऊबेनहायमर यांनी मांडलेल्या तर्कानुसार आपण स्पायडर माकडाच्या बाजूला झुकतो. समजा, एका माणसाला रोज प्रथिनांतून ३०० कॅलरी हव्या आहेत. आहारात प्रथिनांचा वाटा १५ टक्के असेल तर त्याला २००० कॅलरींवर थांबता येते. तोच वाटा साडेबारा टक्क्यांवर आला, तर तेवढीच प्रथिने मिळवायला २४०० कॅलरी खाव्या लागतात. साखर, पीठ आणि तेल यांनी प्रथिने पातळ करत नेलेले अन्न खाणारा माणूस, या तर्काप्रमाणे, टोळासारखाच प्रथिनांच्या मागे धावत ऊर्जेचा अतिरेक करतो. २०११ साली सिडनीमध्येच २२ सडपातळ व्यक्तींना प्रत्येकी चार दिवस १०, १५ आणि २५ टक्के प्रथिनांचा, चवीला सारखाच वाटेल असा आहार देऊन हे तपासले गेले. १० टक्क्यांच्या आहारावर त्यांनी १५ टक्क्यांच्या तुलनेत १२ टक्के जास्त ऊर्जा घेतली, आणि ही वाढ मुख्यतः जेवणांच्या मधल्या खाण्यातून आली. प्रथिनांची ओढ पूर्णपणे भागवायची तर ही वाढ ५० टक्के असायला हवी होती. म्हणजे माणसात ही ओढ आहे, पण ती एकटी सर्व काही ठरवत नाही. लठ्ठपणाचे सारे उत्तर यात शोधणे मला योग्य वाटत नाही, मात्र उत्तरातला हा भाग दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

पोषणाच्या या समजेचा उपयोग एका पक्ष्याला वाचवण्यासाठी प्रत्यक्ष झाला आहे. न्यूझीलंडमधील काकापो हा उडता न येणारा पोपट १९९५ साली अवघ्या ५१ संख्येवर आला होता. माद्यांनी अधिक वेळा वीण करावी म्हणून त्यांना पूरक अन्न दिले जाऊ लागले, आणि एक अनपेक्षित परिणाम दिसला: धष्टपुष्ट झालेल्या माद्यांच्या पिल्लांत नरांचेच प्रमाण फार वाढले. ज्या जातीला माद्यांची नितांत गरज होती तिथे ही मदत उलटी पडत होती. तेव्हा काळजीवाहू संशोधकांनी अन्न देण्याची वेळ आणि मात्रा बदलली. विणीपूर्वी माद्यांचे वजन फार वाढू नये याची दक्षता घेतली. त्यानंतरच्या पिल्लांत नर आणि माद्या यांचे प्रमाण पुन्हा जवळपास समान झाले, आणि २०२२ साली काकापोंची संख्या २५० च्या वर गेली.